पणजीच्या डब्यातले कागद: अनाथाश्रमात वाढलेल्या पूर्वजांचा माग कसा काढायचा?

फोंडेकरीण | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. हा धागा काढू की नको यात दोन महिने गेले. माझी आत्या चौऱ्यांशी वर्षांची आहे, माझ्याकडेच असते, आणि या विषयावर घरात कुणी बोललेलं तिला चालत नाही. तरी लिहितेय, कारण डब्यातले कागद आता नुसते उलगडले तरी घडीवर तुटतात.

वडिलांची आजी, म्हणजे माझी पणजी, १९६१च्या पावसात वारली. तिचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आमच्या माळ्यावर होता. त्यात मिळालं ते असं: लग्नाच्या नोंदीचा पोर्तुगीज दाखला, १९१७चा. मोडीतली दोन पत्रं. पणजीनं पंढरपुराहून पणजोबांना गिरगावात पाठवलेलं एक पोस्टकार्ड (पणजोबा तिथे छापखान्यात खिळे जुळवायचे). आणि नाण्यांच्या सहा पुड्या, प्रत्येकीवर शाईनं फक्त "का." असं लिहिलेलं. आमच्या घरात "का"वरून सुरू होणारं कुणाचंच नाव नाही.

घरात कुजबुजीच्या आवाजात चालत आलेल्या गोष्टी दोन. एक, पणजी "आझिलात" वाढली. दुसरी, तिचा बाप कुणी "पायस", म्हणजे ख्रिस्ती होता. हे दुसरं त्या दाखल्यावरूनच बाहेर आलं. १९६४ साली आत्याचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्या कुणीतरी दाखल्याची नक्कल मिळवली, त्यात "पायस" वाचलं, आणि सुपारी फुटलेली असताना लग्न मोडलं. आत्या पुढे शाळेत शिकवत राहिली. लग्न केलं नाही.

बाप ख्रिस्ती असता तरी मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही, हे आधीच सांगते. मला फक्त खरं काय ते हवंय. कुठून सुरुवात करू?

म्हापशेंकार | सोमवार, रात्री १०.१५

ताई, आझिलाचं मी सांगतो. आमच्या म्हापशाच्या जुन्या सरकारी इस्पितळाला सगळे आझिलोच म्हणत आले, त्यामुळे गोव्यात कुणीही "आझिलात वाढली" म्हटलं की माणूस थेट म्हापशाला येतो. पण पोर्तुगीजमध्ये तो साधा शब्द आहे: आसरा देणारं ठिकाण. अनाथ मुलांचं घर, म्हाताऱ्यांचं घर, सगळ्यालाच आझिलु. मडगावच्या हॉस्पिसियो इस्पितळाबद्दलही असाच घोळ होतो. दाखल्यात शब्द कुठे आलाय ते बघा. पुढे गावाचं नाव असेल.

फोंडेकरीण | सोमवार, रात्री १०.३२

माझा चुलतभाऊ दोन वर्षांपूर्वी म्हापशाला चौकशी करून रिकाम्या हातानं परत आला होता! शब्द पणजीच्या नावापुढच्या ओळीत आहे. गावाचं नाव बरोबर घडीवर तुटलंय. "नातुराल द" एवढं लागतं, पुढे "पां" आणि मग भोक. आम्ही ते फोंडा धरून चाललो होतो.

मांडवीतीर | मंगळवार, सकाळी ७.०५

मी निवृत्त आहे. नोकरीची बरीच वर्षं पोर्तुगीज दस्तांची भाषांतरं करण्यात गेली. "नातुराल द" म्हणजे "जन्माने अमुक गावची". पण फोंडा पोर्तुगीजमध्ये "पॉ"नं लिहितात, "पां"नं नाही. तुमचं गाव दुसरं आहे.

आता मला दोन गोष्टी नीट बघून सांगा. पायसाच्या आधी कुठला शब्द आहे, नंतर कुठला आहे? आणि पायसाचं पहिलं अक्षर, रोमन "पी", मोठं काढलंय की लहान?

फोंडेकरीण | मंगळवार, सकाळी ८.२०

भिंग लावून बघितलं. आधी "फिल्या द". मग पी-ए-आय-एस. मग आय-एन-सी-ओ असा लांब शब्द, शेवटी टी-ओ-एस. पहिला पी लहान आहे. बाकी सगळ्या नावांची पहिली अक्षरं मोठी काढलीत, हे आत्ताच लक्षात आलं. का विचारलंत?

मांडवीतीर | मंगळवार, सकाळी ८.४१

कारण ते आडनाव नाही, ताई. पाइश म्हणजे आई-बाप. "फिल्या द पाइश इंकॉग्नितुश": अज्ञात आई-बापांची मुलगी. आई-बापांची नावं माहीत नसली, किंवा सांगायची नसली, की नोंद करणारा कारकून हेच तीन-चार शब्द लिहायचा. हिंदू असो, ख्रिस्ती असो, वाक्य तेच. पायस आडनावाचं स्पेलिंगही तसंच, म्हणून ज्याला पोर्तुगीज येत नाही, फक्त इंग्रजी अक्षरं लावता येतात, त्याला तिथे पायस दिसणार. १९६४ला तशी माणसं तयार झाली होती.

मी अशा कितीतरी नोंदी भाषांतरित केल्या, पण त्या ओळीपायी कुणाचं लग्न मोडल्याचं आज पहिल्यांदा ऐकतोय. आत्याबाईंना कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

फोंडेकरीण | मंगळवार, सकाळी ९.१०

मला थोडा वेळ द्या.

पुराभिलेख | मंगळवार, दुपारी १.३०

धागा वाचतोय. ताई परत येईपर्यंत, गोव्यात असा शोध घेणाऱ्या इतरांसाठी थोडं लिहून ठेवतो, कारण "अनाथ" या शब्दानं गोव्याच्या दप्तरात पुष्कळांची फसगत होते.

पणजी शहरातल्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५पासूनची. दियोगु दु कोतु हा तिथला पहिला दप्तरदार. आपले पांडुरंग पिसुर्लेकर विसाव्या शतकात त्याचे प्रमुख होते. तिथल्या याद्यांत "ऑर्फांव" शब्द जागोजागी दिसतो: अनाथांचा न्यायाधीश, अनाथांचा इन्व्हेंतार (मालमत्तेची यादी). लोकांना वाटतं, सापडला अनाथाश्रम! तसं नसतं. बाप वारला आणि मागे अल्पवयीन मुलं राहिली की आई धडधाकट हयात असली तरी कायद्याच्या लेखी ती मुलं "ऑर्फांव", आणि त्यांच्या वाट्यासाठी मालमत्तेची यादी करणं सक्तीचं. ते दप्तर फार मोलाचं आहे, घरातली तांब्याची भांडी, माड, भाताची शेतं, देणं-घेणं, सगळं त्यात मिळतं. पण त्यावरून मूल आश्रमात होतं असं ठरत नाही. उलट आश्रमातल्या मुलाच्या नावावर बहुधा काहीच नसल्यानं त्याचा इन्व्हेंतारच नसतो.

दुसरं म्हणजे साल. गोव्यात नागरी नोंदणी सगळ्यांना सक्तीची झाली १९१४ला. त्याआधी ख्रिस्ती माणसाचा माग चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत लागतो. तिथे टाकून दिलेल्या मुलापुढे "एश्पोश्तु" असा शब्द असतो, आणि पुष्कळदा आडनाव देवाधर्माचं दिलेलं: द जेझुस, दा क्रूझ, दुश सांतुश. (ही आडनावं असणारे सगळेच त्यातले नव्हेत, उगाच कुणाच्या घरी जाऊन विचारू नये.) हिंदूंच्या बाबतीत १९१४च्या मागे गेलात की सरकारी नोंद विरळ होते. मग देवळाचं महाजनकीचं दप्तर, कुळाचे उपाध्ये, आणि घरातले कागद.

हिंदू घरांत हा विषय इतका दाबून का ठेवतात, त्यालाही मागचा पदर आहे. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावानं हुकूम निघाला की आई-बाप, आजी-आजोबा नसलेलं हिंदू मूल ख्रिस्ती संस्थेच्या ताब्यात द्यायचं आणि त्याचा बाप्तिस्मा करायचा. त्या काळी पोरकं मूल म्हणजे रातोरात हद्दीपार नेऊन लपवायचं मूल. पुढे तो कायदा गेला, मुलाबद्दल न बोलण्याची सवय मात्र घराघरांत टिकली असं माझं मत आहे.

ताईंच्या पणजीच्या बाबतीत दाखल्याचा उतारा पुरेसा नाही. मूळ नोंद बघायला मिळते का विचारा, आणि नोंदीसोबत दाखल केलेले कागद जपले असतील तर तेही मागा. माझ्या आजोबांच्या लग्नाच्या नोंदीला त्यांच्या मामाचं संमतिपत्र जोडलेलं मिळालं होतं.

केडगावची नात | मंगळवार, दुपारी ३.४५

माझ्या आईची आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १९००च्या दुष्काळातली मुलगी. आम्ही आता डिचोलीला असतो. आमच्याकडे लपवाछपवी नव्हती, तरी शोध सोपा गेला नाही, कारण दुष्काळात आलेल्या लहान मुलांना स्वतःच्या गावाचं नाव धड सांगता येत नव्हतं. पणजी म्हणायची, "आमच्या गावाला मोठं वडाचं झाड होतं." एवढाच पत्ता. मूल तोडकंमोडकं बोलणार आणि लिहिणारा त्याला ओळखीचं वाटेल ते नाव लिहिणार. म्हणून गावाचं, आईचं, मुलीचं नाव उच्चारानं जवळ असलेल्या चार-पाच रूपांत शोधा, एकाच रूपाला चिकटून राहू नका. लग्नात नाव बदललेलं असतं ते वेगळंच.

मोडीवाचक | मंगळवार, रात्री ८.००

ताईंनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) दोन्ही पत्रांचे फोटो पाठवले होते. दुसरं पत्र भाताच्या खंडीचा हिशोब आहे, तुमच्या कामाचं नाही. पहिलं आहे. पणजोबांच्या थोरल्या भावानं त्यांना लिहिलंय. मोडीत शब्द सुटे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, म्हणून मी तोडून, आजच्या वळणानं देतोय:

"श्री. चिरंजीव यांसी अनेक आशीर्वाद उपरी. तुमचे पत्र पावले. पंढरपुरची मुलगी करण्याविषयी मातोश्री राजी नाहीत. कुळगोत्र पुसतील त्यांस काय सांगावे म्हणतात. मुलगी लिहितीवाचती आहे व शिवण जाणते हे त्यांस सांगितले. तुम्ही शब्द दिला असेल तर मोडू नये हे माझे मत. समाजाच्या मंडळींस काय लिहिणे ते लिहावे. घरचे मी पाहून घेईन. शके १८३८ फाल्गुन शुद्ध ५."

"समाजाच्या मंडळींस" हे दोनदा वाचून बघितलं, तेच आहे. साल काढताना एक सांभाळा: शकात ७८ मिळवून इसवी सन काढायची सवय असते, पण फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना, इंग्रजी साल तोवर बदललेलं असतं. तिथे ७९ मिळवायचे. म्हणजे पत्र १९१७च्या फेब्रुवारी-मार्चमधलं, लग्नाच्या काही महिने आधीचं.

पुराभिलेख | मंगळवार, रात्री ८.५०

मग तुटलेलं गाव पंढरपूर! "पांदार्पूर" लिहिलं असणार. आणि "समाज" म्हणजे प्रार्थना समाज धरायला हरकत नाही, पणजोबा गिरगावातच होते आणि समाजाचं मंदिरही गिरगावातच. पंढरपुरात प्रार्थना समाजानं १८७५ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. लालशंकर उमियाशंकर हे तिथे न्यायखात्यात होते, त्यांचा त्यात पुढाकार होता. पुढे ते वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावानं ओळखलं गेलं.

त्या आधी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ला पुण्यात असं गृह काढलं होतं, तिथेच जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. पंढरपूरला अशा घराची गरज का पडली ते उघड आहे. विधवेला पुनर्विवाहाची वाट बंद, दिवस गेले तर गावात तोंड दाखवणं अशक्य. यात्रेला म्हणून पंढरपूरला जाता येतं, तिथे कुणी ओळखत नाही. मूल नदीत जाण्याऐवजी या घरात जावं, आईला कुणी नाव विचारू नये, ही त्यामागची कळकळ होती. त्या घरातली सगळीच मुलं अशी नव्हती, दुष्काळातली पोरकी मुलंही होती. तुमची पणजी कुठल्या वाटेनं आली ते दाखल्यावरून सांगता येणार नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. आईचं नाव रिकामं असेल तर ते कुणाच्या निष्काळजीपणामुळे राहिलं असं समजू नका. तो दिलेला शब्द पाळलेला असू शकतो.

फोंडेकरीण | मंगळवार, रात्री ११.२०

आत्याला अजून सांगितलं नाही. संध्याकाळी तिच्याजवळ बसले होते, ती लसूण सोलत होती, माझ्या तोंडून शब्द फुटेना.

पोस्टकार्डाचा मजकूर देते. हे मोडीत नाही, स्वच्छ बालबोध अक्षर आहे. पणजी लिहिती होती हे मला डबा उघडेपर्यंत ठाऊक नव्हतं. दाखल्याच्या नकलेतही तिच्या नावापुढे सही केल्याची नोंद आहे, सासूपुढे अंगठा.

"श्री. साष्टांग नमस्कार वि. वि. आम्ही काल सुखरूप पोचलो. सावर्ड्यास गाडीत बसून लोंढ्यास बदलली, मिरजेहून छोट्या गाडीने आलो. धाकट्यास थोडा ताप आहे, काळजी नसावी. दर्शन झाले. मग घरी जाऊन आले. बाई थकल्या आहेत पण मला ओळखले."

खाली समासात पेन्सिलीच्या दोन ओळी आहेत, पार पुसट. कार्डावर तारीख नाही, पोस्टाचा शिक्का फुटलेला. घरात सांगतात की हे लग्नाच्या वेळचं, १९१७चं. "घरी" म्हणजे उतरले तिथे, बडव्यांकडे वगैरे, असं आम्ही धरलं होतं.

रूळवेडा | बुधवार, सकाळी ६.५०

१९१७चं असूच शकत नाही! "मिरजेहून छोट्या गाडीने" हे शब्द बघा. बार्शी लाइट रेल्वेची ती अरुंद गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरला आली १९०६ला, पण पंढरपूर ते मिरज हा तुकडा सुरू झाला १९२७ साली. त्याआधी गोव्याकडून जाणारा माणूस मिरजेवरून पुण्याला, तिथून कुर्डुवाडी आणि मग उलटा खाली पंढरपूरला येणार. दोन दिवस मोडायचे. कार्ड १९२७ किंवा त्यानंतरचं आहे. त्यावर छापील तिकीट कितीचं आहे?

फोंडेकरीण | बुधवार, सकाळी ७.३०

अर्धा आणा. राजाचा चेहरा दाढीवाला.

रूळवेडा | बुधवार, सकाळी ७.४२

पाचवा जॉर्ज. कार्ड पाव आण्याचं अर्ध्या आण्याला गेलं १९२२ला, तेही जुळतं. म्हणजे लग्नाला दहा वर्षं उलटून गेल्यावर, कडेवर मूल घेऊन, तुमची पणजी मुद्दाम पंढरपूरला गेली. नवरा मुंबईत, ही गोव्यातून. छोटी गाडी सुरू झाली म्हणून जाणं जमलं असेल.

म्हापशेंकार | बुधवार, सकाळी ८.०५

आणि "घरी जाऊन आले" म्हणजे तेच घर. माझ्या अंगावर काटा आला वाचताना.

सत्तरीचा म्हातारा | बुधवार, सकाळी १०.३०

सगळ्यांचा आनंद दिसतोय म्हणून बेत मोडल्यासारखं वाटेल, पण बोलतो. ज्या बाईनं आयुष्यभर तोंड उघडलं नाही, तिचा डबा तिच्या परवानगीवाचून उघडलाय. ती आई कोण होती, कुठल्या गावची, कुणाची विधवा, हे उद्या कुठल्या वहीत सापडलं तर काय करणार? त्या बाईच्याही माहेर-सासरची माणसं आज कुठेतरी नांदत असतील. पंढरपूरला जाऊन ती मोकळी झाली, कारण कुणी विचारणार नाही असा भरवसा होता. तो भरवसा शंभर वर्षांनी मोडायचा का? माझ्या घरातही एक असं नाव आहे. मी शोधलं नाही, शोधणार नाही.

केडगावची नात | बुधवार, सकाळी ११.१५

काका, तुमचं म्हणणं आईच्या नावापुरतं मला पटतं. पण इथे गप्प बसल्यानं कुणाचं रक्षण झालं? "अज्ञात आई-बाप" याचं "पायस" झालं आणि आत्याबाईंचं लग्न मोडलं. कागद वेळीच जाणत्या माणसाला दाखवला असता तर?

सत्तरीचा म्हातारा | बुधवार, दुपारी १२.००

दाखवला असता तर "अज्ञात" वाचून मोडलं असतं. १९६४ होतं ते.

केडगावची नात | बुधवार, दुपारी १२.२०

हो. तेही खरं.

मांडवीतीर | बुधवार, दुपारी २.१०

व्यवहारापुरतं सांगतो. आजच्या दत्तक नियमांत (२०२२चे) मूळ शोधण्याचा हक्क दत्तक गेलेल्या माणसाचा स्वतःचा आहे, त्याच्या वतीनं तिऱ्हाइताला तो शोध घेता येत नाही, आणि जन्मदात्या आईची गुप्तता त्यातही जपलेली आहे. पणजीच्या काळाला ते नियम लागू नाहीत, पण संस्थेला पत्र लिहाल तेव्हा हे तत्त्व मनात ठेवून लिहा. काय हवंय ते नेमकं सांगा: मुलगी कधी आली, किती वर्षं होती, लग्न कसं ठरलं. आईचं नाव हवं की नको हे घरात बसून ठरवा, मगच पत्र टाका. सोबत दाखल्याची प्रत आणि वंशावळ जोडा. गिरगावच्या बाजूनं बघायचं असेल तर समाजाचे वार्षिक अहवाल आणि त्यांची "सुबोध पत्रिका" चाळा, ती १८७३पासून निघत होती.

पेन्सिलीच्या ओळींसाठी: कार्ड अंधाऱ्या खोलीत ठेवा, टॉर्च बाजूनं, जवळजवळ कागदाला टेकवून धरा आणि वरून फोटो काढा. शिसं गेलं तरी टोकाचा दाब कागदावर राहतो. ओलं काही लावू नका, पारदर्शक चिकटपट्टी तर मुळीच नको.

फोंडेकरीण | गुरुवार, रात्री ९.००

आत्याला सांगितलं.

मांडवीतीर यांचं उत्तर तिला वाचून दाखवलं. तिनं दाखला हातात घेतला, चष्मा चढवला, तो लहान "पी" बराच वेळ बघत राहिली. शाळेत मुलांच्या वह्या तपासायची तशीच बघत होती. मग म्हणाली, "पहिल्या अक्षराकडे कुणीच बघितलं नाही." एवढंच. रात्री जेवली नाही.

आज सकाळी उठून तिनं आपणहून डबा मागितला. कार्ड वाचलं. टॉर्च मी धरला, ओळी तिनंच लावल्या, तिला ते अक्षर माहीत होतं, पणजीनंच तिला बाराखडी गिरवायला शिकवलं होतं. त्या दोन ओळी अशा:

"वहीत माझे नाव होते तसेच आहे. बाईंस म्हटले राहू द्या."

मग तिनं पुड्या हातात घेतल्या. "का." काय ते आत्याला पहिल्यापासून माहीत होतं, आम्ही कधी विचारलंच नव्हतं. कार्तिक! दरवर्षी कार्तिकीला जाणाऱ्या कुणा वारकऱ्याच्या हाती पणजी पाच रुपये पंढरपूरला पाठवायची. घरातल्यांना वाटायचं विठोबाला. आत्या म्हणते, देणाऱ्याला ती दरवेळी बजावायची, "देवळात टाकू नको, आश्रमात नेऊन दे." आत्याला ते लहानपणी देवस्थानचंच काहीतरी वाटलं होतं.

नाणेवाला | गुरुवार, रात्री ९.३५

धागा शांतपणे वाचत होतो, आता राहवत नाही. पुड्यांत कुठली नाणी आहेत ते सांगाल का, पुडीगणिक?

फोंडेकरीण | गुरुवार, रात्री ९.५८

चार पुड्यांत पाच-पाच नाणी, "ऊमा रुपिया", १९५२ साल. दोन पुड्यांतही पाच-पाचच, पण त्यांवर "६ एस्कुदुश", १९५९.

नाणेवाला | गुरुवार, रात्री १०.१५

मग हिशोब लागतो. १९५९च्या सुरुवातीला गोव्यात रुपया जाऊन एस्कुदो आला, आणि भाव ठरला एका रुपयाला सहा एस्कुदो. म्हणजे सहाचं एक नाणं बरोबर एक रुपया. पाच नाणी, पाच रुपये. चलन बदललं तरी पणजीनं रक्कम बदलली नाही.

आता पुड्या मोजा. १९५५च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यानंतर हद्द बंद, आगगाडी बंद, भारताची नाकेबंदी. त्या कार्तिकात पैसे न्यायला वारकरी कुठून मिळणार? पंचावन्न, छप्पन, सत्तावन्न, अठ्ठावन्न, या चार रुपयाच्या. एकोणसाठ आणि साठ, या दोन एस्कुदोच्या. एकसष्टच्या पावसात त्या वारल्या, कार्तिक आलाच नाही. बरोबर सहा.

मोडीवाचक | गुरुवार, रात्री १०.२०

पाठवता येत नव्हते तरी दरवर्षी पुडी बांधून ठेवत होत्या.

सत्तरीचा म्हातारा | गुरुवार, रात्री १०.४०

ताई, माझा काल जो सूर लागला त्याबद्दल आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा.

फोंडेकरीण | शनिवार, सकाळी ८.१५

काका, सांगितला. आत्या म्हणाली त्यांचं बरोबर आहे.

काल दिवसभर ती विचार करत होती. संध्याकाळी मला बसवलं आणि सांगितलं: आईचं नाव विचारायचं नाही. "जिनं ठेवलं तिनं सांगितलं नाही, जिला ठेवलं तिनं विचारलं नाही, आपण कोण?" पण पणजी वहीत आहे का, आणि कुठल्या नावानं आहे, तेवढं बघायचं. लग्नाआधीचं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. आत्याला ते हवंय. पत्राचा मसुदा तिनंच सांगितला, मी लिहून घेतला, आज टाकतेय.

पुड्या सोडायच्या नाहीत म्हणाली. जशा आहेत तशा नेऊन द्यायच्या, त्या नाण्यांचं आता काही येत नसलं तरी. वर आजच्या हिशोबानं जे द्यायचं ते ती आपल्या पेन्शनीतून देणार आहे. कार्तिकीला गर्दी असते, तिला झेपणार नाही असं मी म्हटलं, तर म्हणाली, "एकादशी नको, मागाहून जाऊ. आजीनं पण आधी दर्शन घेतलं आणि मग घरी गेली."

सगळ्यांना देव बरें करूं. रूळवेडा, मिरजेहून पंढरपूरला अजून गाडी जाते का? तिला त्याच वाटेनं जायचंय.

रूळवेडा | शनिवार, सकाळी ८.३०

जाते. ती छोटी गाडी आता नाही, रूळ रुंद झालेत, पण वाट तीच. सावर्ड्याला बसा, लोंढा, मिरज, पंढरपूर. आत्याबाईंना मिरजेच्या पुढे खिडकीजवळ बसवा. चालू वेळापत्रक बघून आज रात्री व्यनि करतो.